मे महिन्यात पाणी कोण घालणार?

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. आमच्या कॉलनीच्या बगीच्यात तीन वर्षांपूर्वी गाजरगवत आणि बांधकामाचा मलबा याशिवाय काही नव्हतं. आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून तो साफ केला, झाडं लावली, दर रविवारी सकाळी श्रमदान सुरू केलं. आता ग्रुपवर साठेक माणसं आहेत, रविवारी हाताशी मात्र सात-आठच असतात. तरी बगीचा नावारूपाला आला आणि त्याबरोबर सूचनाही येऊ लागल्या. पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, म्हणतात, पलीकडचा मोकळा प्लॉट देतो, तिथे मियावाकी पद्धतीचं दाट जंगल करा. तरुण मंडळींना भाजीचे वाफे हवेत. एका काकांच्या मनात औषधी वनस्पतींची बाग आहे. जवळच्या सरकारी शाळेच्या बाईंनी मुलांसाठी बाग करून मागितली आहे. काहींचं म्हणणं, कॉलनीचा सगळा ओला कचरा आपणच जिरवावा. सगळ्यांना आपापलं काम यंदाच हवं आहे. गेल्या उन्हाळ्यात आमची निम्मी नवी रोपं गेली, तो विषय मात्र कुणी काढत नाही. कोजागिरीला बैठक आहे आणि पुढच्या वर्षाची योजना मी मांडायची असं ठरलंय. कुणाला नाही म्हणू? नाही म्हटलं तर माणसं तुटतील याची भीती वाटते.
– एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. गेल्या उन्हाळ्यात निम्मी नवी रोपं गेली, ते वाक्य. कोजागिरीच्या बैठकीची सुरुवात तिथूनच करा. कुणाला बोल लावायचा नाही. कोणती रोपं गेली, बगीच्याच्या कोणत्या कोपऱ्यातली गेली, कोणत्या आठवड्यात त्यांनी माना टाकल्या आणि त्या आठवड्यात पाणी घालायला गावात कोण होतं, एवढं सगळ्यांनी मिळून आठवा आणि कागदावर लिहा. पुढच्या वर्षाची योजना त्या कागदातून निघेल. सूचनांच्या यादीतून ती निघणार नाही, कारण यादीतली प्रत्येक सूचना आपापल्या जागी चांगलीच आहे.

माझं म्हणणं असं आहे की इंदुरात बागेची योजना पावसाळ्यापासून पुढे मांडायची नसते, मे महिन्यापासून मागे मांडायची असते. जुलैत आपल्याकडे काहीही लावलं तरी हिरवं दिसतं. हरियाली अमावस्येला माणसं हौसेनं रोपं घेऊन येतात, फोटो निघतात. १४ जुलै २०२४ ला तर या शहरानं रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावून विश्वविक्रम केला. लावण्याच्या बाबतीत इंदूरकरांना कुणी काही शिकवायला नको. परीक्षा होते ती होळीनंतर. हवा कोरडी पडते, एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, मेमध्ये तीही ओलांडतो, आणि २५ मेच्या सुमाराला नौतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागतो. नेमक्या त्याच दिवसांत शाळा बंद असतात आणि आपली अर्धी मराठी मंडळी मुलांकडे पुण्याला, नाहीतर बंगलोरला गेलेली असते. झाडांना माणसांची सगळ्यात जास्त गरज तेव्हा, आणि कॉलनीत सगळ्यात कमी माणसंही तेव्हाच. तुमची निम्मी रोपं बहुधा याच फटीत गेली असतील.

म्हणून प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात पाणी कोण घालणार, आणि कुठलं? उत्तरात दोन माणसांची नावं यायला हवीत, ‘आपण सगळे’ चालणार नाही. आणि पाण्याची जागा सांगता यायला हवी. ज्या कामाला दोन्ही मिळालं ते यंदाचं काम. ज्याला मिळालं नाही, किंवा ज्याची मेमध्ये गरजच पडत नाही, त्यांचा विचार कसा करायचा ते पुढे सांगते.

आधी पाण्याचंच बोलू, कारण सगळं तिथे येऊन थांबतं. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची ओळख आपण अभिमानानं सांगतो, पण ती ज्या काळातली आहे तेव्हा विहिरी भरलेल्या होत्या. आज आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटरचा प्रवास करून, शेकडो मीटरचा घाट चढवून आणलेलं असतं. ते पिण्यासाठी आहे. एक दिवसाआड येणारं ते पाणी बगीच्याला सोडलेलं शेजाऱ्यांना दिसलं की भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात मी शेजाऱ्यांच्या बाजूनं असेन. कॉलनीचं बोरिंग एप्रिलपर्यंत किती ओढतं ते तुम्हाला माहीत असेलच. मग उरतं काय? प्रक्रिया केलेलं सांडपाणी. इंदूरला २०२१ साली देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरवलं गेलं ते याच कामासाठी, आणि शहरातल्या बऱ्याच बगीच्यांना निगम, म्हणजे महानगरपालिका, हे पाणी पुरवतं. तुमच्या भागापर्यंत ती लाइन आली आहे का, नसेल तर त्या पाण्याचा टँकर ठरावीक वारी मिळू शकेल का, हे झोन कार्यालयात जाऊन विचारा. झाडाझुडपांना हे पाणी उत्तम. कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे मुळा, गाजर, कोथिंबीर यांना ते घालू नये.

इथेच तुमच्या पार्षदांचा प्रश्नही सुटतो. त्यांना कॉलनीसाठी काही करायचं आहे, ही चांगली गोष्ट आहे. दोन ज्येष्ठ मंडळींना बरोबर घेऊन त्यांना भेटा आणि सांगा, ‘प्लॉटबद्दल आभार, पण आम्हाला आधी आहे त्या बगीच्याला पाणी हवंय. ती लाइन आणि दोन नळ एवढं करून द्या, मग पुढच्या वर्षी प्लॉटचं बोलू.’ पार्षदांना करता येण्यासारखं हे काम आहे, आणि प्लॉटपेक्षा तुमच्या कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

मियावाकीला माझा विरोध नाही. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची ही पद्धत आहे. स्थानिक जातींची रोपं दाट, म्हणजे एका चौरस मीटरला साधारण तीन ते पाच अशी लावतात, ती उजेडासाठी चढाओढीनं वाढतात आणि दोन-तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहतात. पण ती पहिली दोन-तीन वर्षं फार कष्टाची असतात. दर चौरस मीटरला कोरड्या दिवसांत रोज चार-पाच लिटर पाणी धरतात. नुसता शंभर चौरस मीटरचा तुकडा घेतला तरी तीनशे ते पाचशे रोपं आणि रोजचं चारशे ते पाचशे लिटर पाणी झालं. म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर दहा-बारा दिवसांत संपणार, आणि मार्च ते जून हे असंच चालणार. शिवाय तण काढणं आहे, आणि गाजरगवत तुमची वाट बघतच बसलेलं असतं. सात-आठ माणसांच्या गटानं हे यंदा अंगावर घेतलं तर आज आहे तो बगीचाही हातचा जाईल.

प्लॉट सोडूनच द्यायचा असेल असं नाही. पहिलं म्हणजे तो कुणाचा आहे ते कागदावर पाहा. तोंडी दिलेला प्लॉट तोंडीच परत जातो. निगमच्या उद्यान विभागाचं पत्र हातात असल्याशिवाय तिथे फावडं मारू नका. पत्र मिळालं तर पहिलं वर्ष फक्त जमीन तयार करण्यात घालवा. मलबा काढा, गाजरगवत फुलायच्या आत उपटा, पाचोळा पसरा, पावसाचं पाणी कुठे तुंबतं ते एक पावसाळाभर बघून ठेवा. ही पाहणी फार मोलाची असते. आपल्या काळ्या मातीचे दोन स्वभाव आहेत: पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्याच मुळांना ओढ बसते. शहरातल्या प्लॉटवर त्यात मलबा आणि मुरूम मिसळलेला असतो. कुठे काय आहे हे न पाहता लावलेलं जंगल अर्धं पाण्यात आणि अर्धं दगडात वाढतं.

झाडं लावायची तर लावण्याआधी वर बघा. विजेच्या तारेखाली कदंब किंवा जांभूळ लावलं की दहा वर्षांनी दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जाणार. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या वृक्षांसाठी २००१ चा कायदा आहे; उभं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून जागा निवडण्यात पंधरा दिवस गेले तरी चालतील.

आता ज्या कामाला मी सगळ्यात आधी होकार देईन ते म्हणजे खत. मात्र ओल्या कचऱ्याचं नाही, पाचोळ्याचं.

हे काम इंदूरला शोभणारं आहे, कारण कंपोस्टची जगभर शिकवली जाणारी एक पद्धत आपल्या गावाच्या नावानं ओळखली जाते. १९२४ साली इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तेच ते आवार. १९३१ पर्यंत हॉवर्ड इथे होते, आणि इथल्या शेतकऱ्यांकडून शिकत, चीनमधल्या शेतीचा अभ्यास करत त्यांनी जी पद्धत बसवली ती ‘इंदूर पद्धत’. काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, आणि ढीग तीन वेळा उलटायचा: पहिल्यांदा साधारण पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, मग दोन महिन्यांनी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी खत तयार. आपल्या कॉलनीतल्या मुलांना हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या बगीच्यात खताच्या खड्ड्याशेजारी एक पाटी लावून हे चार ओळींत लिहा, मराठीत आणि हिंदीतही.

तुमच्यासाठी करायचं ते सोपं आहे. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असे जाळीचे दोन पिंजरे, सावलीत. आत्ता पावसाळा संपताना गवत आणि तण भरपूर आहे, तो हिरवा माल. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होईल, तो कोरडा माल. शहरातून गोठे हलल्यामुळे शेण दारात मिळत नाही, गोशाळेतून एखादी गाडी मागवा आणि पाण्यात कालवून थरांवर शिंपडा. ढिगातला मूठभर माल दाबला तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. शेण कमी पडलं आणि नुसता पाचोळाच जास्त असला तर तीन महिन्यांऐवजी सहा महिने लागतील, लागू द्या. पाचोळा जाळायचा नाही, एवढं मात्र ठाम ठरवा. खत व्हायच्या आधीही त्याचा उपयोग आहेच: प्रत्येक झाडाच्या आळ्यात चार बोटं जाडीचा थर पसरला की मेमध्ये पाणी बरंच कमी लागतं. गणपती-नवरात्रातलं निर्माल्यही या ढिगात घ्या. दोरे, तारा आणि थर्माकोल आधी वेगळे काढा.

स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र बगीच्यात आणू नका. हा आग्रह धरणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण इंदुरात तो कचरा वाया जात नाही. दारावर येणाऱ्या गाडीतून तो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, २०२२ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. दोनशे घरांचा ओला कचरा बगीच्यात आणला तर रोज बघणारा माणूस लागेल, वास येईल, उंदीर होतील, आणि कडेच्या घरातली माणसं कायमची दुरावतील. ज्यांना हौस आहे त्यांनी आपापल्या गच्चीत करावं, गटानं त्यांना पाचोळा पुरवावा.

औषधी बागेचं काम मी यंदा घेईन, आणि त्याचं कारण काका आहेत. एखाद्या कामामागे एक माणूस ठाम उभा असणं ही फार मोठी गोष्ट आहे. काका मेमध्ये इंदूरला असतात का आणि त्यांना जोडीदार कोण, एवढंच विचारा. यातल्या पुष्कळ वनस्पती काटक असतात हीसुद्धा जमेची बाजू. अडुळसा फांदीपासून लागतो आणि गुरंबकऱ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाकडेला तोच लावा. बगीच्यात कडुनिंब असेल तर त्याच्या बुंध्याशी गुळवेलीची काडी खोचा. कोरफड, निर्गुडी, शतावरी ही मंडळी थोड्या पाण्यावर तग धरतात. तुळस आणि गवती चहा नळाजवळ ठेवा, त्यांना पाणी जास्त लागतं. आत्ता फक्त जागा आखा आणि उन्हाळ्यात माती तयार करा. अडुळसा-गुळवेलीच्या काड्या पहिला चांगला पाऊस झाला की लावा. पाट्यांवर नावं लिहा, ओळखीच्या खुणा लिहा. कोणत्या आजारावर काय घ्यावं हे लिहू नका. वाचून कुणीतरी करून बघतं.

भाजीच्या वाफ्यांना होकार द्या, पण हिवाळ्यापुरताच आणि दोन वाफ्यांपुरताच. माळव्यातला हिवाळा भाजीसाठी देणगी आहे. ऑक्टोबरमध्ये पेरलं की मेथी, पालक, मुळा, मटार, गाजर सगळं येतं, मध्येच एखादा मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, झाला तर एक पाणी वाचतं. मार्चमध्ये वाफे मोकळे करून पाचोळ्यानं झाका आणि उन्हाळाभर विश्रांती द्या. काळ्या मातीत गादीवाफे, म्हणजे उंच वाफेच करा, आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची झाल्याशिवाय, मातीत पाऊल टाकू नका, नाहीतर चिखलाची वीट होते. तरुणांना आणखी उत्साह असेल तर उन्हाळा संपता संपता कुंपणाला गराडूचे वेल लावायला सांगा. सराफ्याच्या खाऊबाजारात हिवाळ्यात जिरावण मसाला घालून आवडीनं खाल्लेला गराडू जमिनीखाली कंद म्हणून वाढतो, हे कॉलनीतल्या कितीतरी मुलांनी पाहिलेलं नसेल. एक मात्र पेरण्याआधीच ठरवा: भाजी कुणाची? पाण्यावरून होत नाहीत एवढी भांडणं पिकलेल्या भाजीवरून होतात. माझ्या मते, ज्यांनी पाणी घातलं त्यांचा पहिला वाटा, उरलेलं माळ्याला आणि सफाईच्या ताईंना. पण नियम कोणता हे दुय्यम आहे, तो आधी सगळ्यांसमोर वाचला गेलेला असावा.

माळ्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. निगमचा माळी तुमच्याकडे येत असणारच, आठवड्यातून एकदा का होईना. कोजागिरीच्या बैठकीला त्याला बोलवा, इतरांच्या बरोबरीनं खुर्ची द्या आणि आधी त्याला बोलू द्या. कोणत्या कोपऱ्यात पाणी पोचत नाही, कुठला पाइप फुटका आहे, गेल्या मेमध्ये नेमकं काय झालं, हे त्याला तुमच्या साठ जणांपेक्षा जास्त माहीत असेल. आणि वर्गणीतला सगळ्यात मोठा हिस्सा रोपांवर घालवण्याऐवजी एप्रिल ते जून जास्तीच्या वेळेचे पैसे त्याला, किंवा तो सांगेल त्या माणसाला द्या. स्वयंसेवी कामात मजुरी दिली म्हणजे सेवेला बट्टा लागतो असं काही जणांना वाटतं. मला ते पटत नाही. बेचाळीस अंशांत दुपारपर्यंत काम करणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत.

साठातले सात येतात याचं दुःख करू नका. रविवारी सकाळी सातला खुरपी धरणं सगळ्यांना जमत नाही, पण आपल्या फाटकासमोरच्या झाडाला मडकं भरून पाणी घालणं पुष्कळांना जमतं. रोपाशेजारी पक्क्या पण न झिलईच्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, वर झाकण ठेवायचं आणि चार-सहा दिवसांनी भरायचं; पाणी झिरपत झिरपत थेट मुळांशी जातं. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण वरच्या शिंपडण्यानं मुळं वरच राहतात आणि एक आठवडा पाणी चुकलं की रोप जातं. बगीच्याच्या चहूबाजूंच्या घरांना एकेक झाड नावानं वाटून द्या. मेमधली पाळी फेब्रुवारीतच लावा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मेची तिकिटं लोक मार्चमध्येच काढतात. त्याच्या आधी पाळी लागली तर कोण कधी गावात नाही ते कळतं आणि बदली माणूस शोधता येतो. मेच्या मध्यावर ग्रुपवर ‘कुणी आहे का’ म्हणून विचारण्यात काही अर्थ नसतो.

आणि मोजणीचा दिवस बदला. किती रोपं लावली हे जुलैत मोजतात, तुम्ही ३१ मे रोजी, अहिल्याबाईंच्या जयंतीला, किती जगली ते मोजा. तो दिवस नौतपातच येतो, त्या दिवशी जे हिरवं आहे ते बहुतेक करून पुढेही राहतं. तो आकडा ग्रुपवर टाका. जून महिन्यात नवीन किती लावायचं ते त्यावरून ठरवा: जेवढी जगवता आली त्यापेक्षा फार जास्त लावायची नाहीत. खड्डे मात्र मेमध्येच खणून ठेवा, दोन फूट लांब-रुंद-खोल, ऊन खाऊ द्या. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला, दोन चांगल्या सरी पडून माती भिजली, की खत-माती भरून लावा.

आता नाही म्हणण्याबद्दल. तुम्हाला कुणालाच नाही म्हणायचं नाही, आणि कुणाला एकट्यानं तोंड द्यायचं नाही. बैठकीत एका मोठ्या कागदावर सगळी कामं लिहा. प्रत्येकापुढे दोन रकाने: मेमध्ये कोण, आणि कुठलं पाणी. मग तो कागद सगळ्यांसमोर फिरवा. ज्यांनी सूचना केली त्यांनीच रकाने भरायचे. जे रिकामे राहतील त्यांच्याबद्दल तुम्ही एवढंच म्हणा, ‘हे काम आपल्याला करायचंच आहे. यंदा याला माणूस आणि पाणी मिळालं नाही. पुढच्या कोजागिरीला हाच कागद पुन्हा काढू.’ आणि तो खरंच जपून ठेवा, पुढच्या वर्षी खरंच काढा. आपली सूचना कुणी फेकून दिली नाही हे दिसलं की माणसं दुखावत नाहीत. तरीही एखादी व्यक्ती रुसून गेली तर चार दिवसांनी तिच्या घरी जा, झाडाबद्दल एक शब्दही न काढता चहा घ्या. बहुतेक रुसवे बागेबद्दलचे नसतातच.

शाळेचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तेच काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. शाळेत बाग करताना बहुतेक गट पावसाळ्यात फळझाडं लावतात, मग मे-जूनमध्ये शाळा बंद, शिपाई एकटा, आणि मुलं परत येतात तेव्हा वाळलेल्या काड्या. मुलं त्यातून हेच शिकतात की आपण लावलेलं जगत नाही. म्हणून शाळेत झाडं लावू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालणारी भाजी लावा. मेथी महिन्याभरात काढणीला येते, मुळा दीड-दोन महिन्यांत. ज्या मुलानं बी पेरलं त्यानंच त्याच सत्रात जुडी घरी न्यायची. परीक्षांच्या आधी वाफे संपवायचे आणि मेमध्ये तिथे जगवण्यासारखं काही उरवायचंच नाही. हिवाळी वाफ्यांसारखंच याही कामाला मेचा रकाना लागत नाही. मधल्या सुट्टीत मुलं हात धुतात ते नळाखालचं पाणी दोन वाफ्यांना सहज पुरतं, साबणाचं नसेल तर चर काढून सरळ तिकडे वळवा. तुमच्यापैकी एकानं आठवड्यातून एकदा जायचं. काम मुलांनी करायचं, वाफे वाकडे झाले तरी वाकडेच ठेवायचे.

शाळेच्या बाईंना त्यामुळे कोजागिरीची वाट न बघता आजच होकार कळवा. मेथीचं बी आपल्या डब्यातलंच चालेल, रात्रभर भिजवून घ्या. वाफे करायला मुलांना आठवडाभर लागेल, म्हणजे बैठक होईपर्यंत पेरणी झालेली असेल.